मॉडेल रेल्वे: एकट्याने की चारचौघांत?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत मुलाच्या नावाने एचओचा, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या 87 व्या हिश्शाच्या मापाचा सेट आणला, 6 बाय 3 फुटांच्या प्लायवर लंबगोल मांडला, महिनाभर घरादाराने कौतुक केलं. आता मुलगा मोबाईलवर असतो आणि तुम्ही एकटेच बटण फिरवत बसता. गाडी गोल फिरते, बघवत नाही, जागाच कमी आहे असं तुम्हाला वाटतं. या खेळात लोक वर्षानुवर्षं करतात तरी काय, आणि इथे, आपल्या हौशी मंडळींच्या गटावर, असं विचारत बसल्याने काही फरक पडतो की नुसत्या गप्पाच, असा तुमचा प्रश्न.

फरक पडतो. कसा पडतो ते सांगायला मला माझीच फजिती सांगावी लागेल.

मी 2009 मध्ये सुरुवात केली, डोंबिवलीत, आतल्या खोलीच्या भिंतीला लागून. पहिली तीन वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असं डोक्यात होतं. त्या काळात मी सगळ्यात अभिमानाने केलेली गोष्ट म्हणजे खडी. बाहेरून मागवलेली खडी महाग, आणि रंग त्यांच्याकडचा, भुरकट. आपल्याकडची खडी काळी, बेसॉल्टची. म्हटलं, खऱ्या दगडाची करू. खाणीवरून पिशवीभर क्रशरचा चुरा आणला, धुतला, उन्हात वाळवला आणि तीन चाळण्यांतून काढला. आपल्या रुळांखालची मोठी खडी साधारण 65 मि.मी.पर्यंतची. 87 ने भागा, पाऊण मि.मी. होते. म्हणजे रवाच. आमच्या घरातली रव्याची चाळणी तेव्हापासून माझ्याकडेच आहे, हा विषय घरी अजून मिटलेला नाही.

चार फूट रुळाला खडी लावून फोटो टाकला. वाहवा झाली. तेवढ्यात परदेशात राहणाऱ्या एका सदस्याने एकच ओळ लिहिली: चुऱ्यातून लोहचुंबक फिरवलंत का? मला राग आला. दगडात कसलं लोखंड? तरी उरलेल्या चुऱ्यात, कागदात गुंडाळून, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. काळी मिशी फुटावी तसा बारीक चुरा कागदाला चिकटला. पसाभर चुऱ्यातून अर्धा चमचा निघाला. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच. इंजिनाची मोटर रुळांपासून काही मिलिमीटर वर, तिच्यात चुंबक. एखादा सुटा कण आत गेला की हळूहळू मोटरचे बारा वाजतात, आणि दोष आपण मोटरला देतो. मी ती चार फूट खडी पाणी मारून, खरवडून काढली आणि चुंबक फिरवलेली नवी लावली. त्या माणसाने दख्खनचा दगड कधी हातात धरला नव्हता. त्याच्या गावी समुद्रकाठची वाळू वापरून कुणाचं तरी इंजिन गेलं होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

तिथून माझी भीड चेपली.

आता घाटाचं. माझं लहानपण कर्जतला गेलं, त्यामुळे करायचा तर बोरघाटच, हे ठरलेलं. कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर. एचओच्या मापात ते 322 मीटर होतात, आणि माझ्याकडे भिंत 11 फुटांची. म्हणजे घाट नव्हे, घाटाची आठवण. चढ मात्र मी खराच ठेवला, 37 ला 1. अकरा फुटांत रूळ जेमतेम 9 सेंटिमीटर वर चढतात. बघताना काहीच वाटत नाही. पण सहा डबे लावले की इंजिन निम्म्यावर जाऊन चाकं जागच्या जागी फिरवायला लागलं. खऱ्या घाटात कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडीला रेटणारं जादा इंजिन, लावतात, म्हणून मीही मागे दुसरं इंजिन लावलं. गाडी चढली, आणि कोपऱ्यातल्या वळणावर मधला डबा उडाला. पुन्हा केलं, पुन्हा उडाला. मी रूळ उखडून परत बसवले. दोन रविवार गेले.

मग विचारलं. पहिलं उत्तर, डब्याचं वजन किती? मी कधी केलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, 110 ग्रॅम. अमेरिकेतली एनएमआरए ही संस्था 1935 पासून या खेळाची मापं ठरवत आलीय. त्यांचा आडाखा असा की एचओत डब्याचं वजन 28 ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला 14 ग्रॅम. आयसीएफचा, म्हणजे आपला जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा या मापात 245 मि.मी. भरतो, म्हणजे वजन 165 ग्रॅमच्या आसपास हवं. मागून रेटा आला की हलका डबा मधल्यामध्ये उचलला जातो. दुसऱ्याने सांगितलं, चाकांमधलं आतलं अंतर मोजा, साडेचौदा मि.मी.च्या आसपास हवं. दोन डब्यांत ते कमी निघालं. तिसऱ्याने सांगितलं की वजनासाठी टायरवाल्याकडे जा, चाक बॅलन्स करायच्या चिकटपट्ट्या मिळतात, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमच्या. टायरवाल्याने गाडी कुठाय विचारलं. मी खिशातून डबा काढून दाखवला. त्याने पट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत.

डबे जड झाले, आता चढायला आणखी जोर लागणार, म्हणजे बँकरशिवाय गत्यंतर नाही! खऱ्या घाटाची अडचण माझ्या भिंतीवर आपसूक येऊन बसली. ते पाहून मला जो आनंद झाला तो पहिल्या दिवशी गाडी फिरली तेव्हाही झाला नव्हता.

पण खरा बदल पुढे झाला. मी व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, 'अप गाडी घाट चढताना'. एका निवृत्त गार्डसाहेबांनी लिहिलं, "अहो, मुंबईहून निघते ती डाऊन. तुमची डाऊन गाडी चढतेय आणि अप उतरणार आहे." मी चूक सुधारली. त्यांनी पुढे विचारलं, उतरताना तुमची गाडी थांबते कुठे? मी म्हटलं, थांबत नाही, सरळ कर्जतला येते. त्यावर त्यांनी मला जवळपास झापलंच. घाट उतरणारी गाडी ठरलेल्या ठिकाणी थांबलीच पाहिजे. तिथे कॅच साइडिंग असतं, डोंगरात वर चढत जाणारा आंधळा रूळ. सांधा, म्हणजे गाडीला या किंवा त्या रुळावर वळवणारी जोडणी, एरवी त्याच रुळाकडे लावलेला. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत, हे दिसल्यावरच सांधा मुख्य मार्गाला फिरतो. ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर जाऊन अडकावी, ही योजना.

मी एक सांधा आणि दोन फुटांचा आंधळा रूळ वाढवला. तेव्हापासून माझ्याकडची गाडी नुसती उतरत नाही. उतरते, थांबते, सांधा फिरतो, मग निघते. तेवढ्यात खालून चढणारी गाडी असेल तर कुणाला आधी सोडायचं, बँकर सुटून खाली कधी परतणार, हे प्रश्न येतात. एकट्याचे दोन हात पुरेनात म्हणून सोसायटीतले दोघं शनिवारी यायला लागले. एक सांधेवाला, एक बँकरचा ड्रायव्हर. भिंत तीच, 11 फूट. तुम्ही जागा कमी म्हणून कंटाळलाय असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुमच्या गाडीला अजून कुणी 'थांबते कुठे?' असं विचारलेलं नाही.

डोळ्यांचंही तसंच. डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाचं कवच मी कुणाकडून तरी थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं आणि हाताशी असलेल्या सहा आसांच्या चासीवर बसवलं. रंग उत्तम जमला होता. डिझेल शेडमध्ये नोकरी केलेले एक सदस्य म्हणाले, छान आहे, पण हे आमचं इंजिन नव्हे. का? तर डब्ल्यूडीएम-2 मूळ अल्को कंपनीचं, तिच्या बोगीत (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) तीन आसांमधली दोन अंतरं सारखी नसतात. माझ्या चासीत सारखी होती. इतकी वर्षं कल्याणच्या फलाटावरून ते इंजिन पाहिलं, पण मला कधी दिसलं नव्हतं. आता गाडी समोर आली की पहिली नजर बोगीकडेच जाते. मी चासी बदलली नाही, हेही सांगून टाकतो. खर्च परवडणारा नव्हता, आणि फूटभर अंतरावरून कुणाला कळत नाही.

कळणारे सांगतात, तेवढं ऐकायचं आणि आपलं ठरवायचं. कारण या मंडळींची एक खोडही आहे. आपली ब्रॉडगेज 1676 मि.मी.ची. 87 ने भागली की सव्वाएकोणीस मि.मी. येते, आणि आपण चालवतो त्या रुळांची रुंदी साडेसोळा, कारण ती युरोप-अमेरिकेच्या गेजची. म्हणजे आपल्या प्रत्येक गाडीचे पाय जवळजवळ पावणेतीन मि.मी.ने जवळ आलेले. यावरून इथे दर पावसाळ्यात भांडण होतं. काही जण स्वतः स्लीपर कापून, रूळ सोल्डर करून बरोब्बर रुंदी करतात. त्यांना माझा दंडवत. नवख्या माणसाने त्यात पडू नये, त्यात पडलेल्या दोघांची गाडी मी आजतागायत चालताना पाहिलेली नाही. दुसरी खोड खरेदीची. कुणी नवं इंजिन दाखवलं की चार जणांचा हात खिशात जातो. माझ्या कपाटात न उघडलेली तीन खोकी आहेत, घरी सांगू नका.

एकमेकांना मदत करत लोक किती लांब जातात याचं एकच उदाहरण देतो. दोन इंजिनं एका रुळावर वेगवेगळी चालवायची तर डीसीसी लागतं. रुळांतून विजेबरोबर हुकूम जातात आणि ज्याचा क्रमांक तेच इंजिन ऐकतं. त्याची तयार यंत्रणा महाग. 2015 मध्ये ग्रेग बर्मन यांनी आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किटच्या पट्टीवर चालणारी अशी यंत्रणा बनवून सगळ्यांसाठी खुली केली. त्यातूनच पुढे डीसीसी-ईएक्स उभं राहिलं, आणि ते सांभाळणारे सगळे हौशी लोक. इंजिनातला हुकूम वाचणारा भाग म्हणजे डिकोडर, त्याची सेटिंग्ज संगणकावरून बदलायला जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. त्याच्यामागचे बॉब जेकबसन पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. जेएमआरआयच्या परवान्यावरून त्यांनी भांडलेला खटला अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयात गेला आणि 2008 मध्ये निकाल लागला, की खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटी कॉपीराइट कायद्याने लागू होऊ शकतात. जगभरचे संगणकवाले आज तो निकाल मानाने सांगतात, आणि मूळ विषय काय, तर आपली खेळण्यातली आगगाडी. माझी घाटातली दोन इंजिनं सारख्या वेगाने रेटतात ती जेएमआरआयमधून सीव्ही 2, 5 आणि 6, म्हणजे डिकोडरमधली वेगाची सेटिंग्ज, जुळवल्यावर. त्याआधी पुढचं इंजिन पळायचं आणि मागचं रेंगाळायचं.

आता तुमच्या 6 बाय 3 कडे येऊ. यावर 371 मि.मी. त्रिज्येचं वळणच बसेल. पुढचं 438 चं वळण केलं तर व्यासच 876 मि.मी. होतो, आणि तुमची फळी 914 ची. डब्याचं टोक कडेबाहेर लोंबेल. एलएचबीचा, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब प्रवासी डबा आणू नका, 270 मि.मी.चा तो डबा त्या वळणावर वाईट दिसतो. मी तुमच्या जागी असतो तर लंबगोल सरळ उचलून ठेवला असता आणि फळीच्या लांब कडेला मालधक्का केला असता. इंग्लंडच्या अॅलन राइट यांची इंगलनुक नावाची मांडणी आहे. दोन सांधे आणि तीन रूळ. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. शंटिंगसाठी पुढे इंजिन आणि तीन वाघिणींपुरता रूळ. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्या पाच निघतील त्या, त्याच क्रमाने, लांब रुळावर लावून द्यायच्या. असे क्रम 6720 होतात. दोन आसांच्या छोट्या वाघिणी घेतल्यात तर पाच-साडेपाच फुटांत बसतं. सोपं वाटतं. पहिल्या चिठ्ठीला मला चाळीस मिनिटं लागली होती.

चिठ्ठ्या मुलाला काढायला द्या. त्याने गाडी चालवायची असा आग्रह नको. स्टेशनमास्तर होऊन बापाला हुकूम द्यायला मिळाले तर मुलं फोन बाजूला ठेवतात, हे माझ्या घरी पाहिलंय. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय त्याला दाखवून आणा.

खडी लावणार असाल तर फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि चुरा आपल्याकडचाच असेल तर चुंबक. रूळ सँडपेपरने घासू नका, ओरखड्यांत घाण जास्त बसते.

फळी कुठल्या खोलीत आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं आणि प्लग कुठे आहे तेवढं लिहा. सेटमधल्या सांध्यांचा जवळून एक फोटोही टाका, म्हणजे ते कामाचे आहेत की नवे घ्यावे लागतील ते सांगता येईल.