लॅटिन मिस्सेची ओढ म्हणजेच पाचारण का?

प्रश्न : मी २१ वर्षांचा, वसई तालुक्यात राहतो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभरापूर्वी मोबाइलवर जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) पाहिली आणि तेव्हापासून धर्मगुरू व्हावंसं वाटू लागलं. आमच्या चर्चमधली गिटार आणि टाळ्यांची मिस्सा आता नकोशी होते. हे पाचारण, म्हणजे देवाची हाक, की नुसती हौस? जुनी मिस्सा अर्पण करणाऱ्या संस्थेतच जावं का?

उत्तर : ओढ खोटी नाही. कित्येकांचं पाचारण वेदीजवळच सुरू झालं आहे. पण धूप, मौन आणि ग्रेगोरियन गायन वेदीसेवकाला आणि गायकालाही लाभतं, त्यासाठी गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, लागत नाही. धर्मगुरूच्या दिवसात मिस्सा तासाभराची. उरलेल्या वेळात आजाऱ्याला पवित्र तेल लावणं, मयत, लग्नाआधीचे वर्ग, चर्चच्या छपराचा खर्च, दोन भावांचं बांधावरचं भांडण. हे सगळं डोळ्यांसमोर आणल्यावरही ओढ टिकते का, ते पाहा.

तुझ्या पत्रातला ‘नकोशी’ हा शब्द आम्हाला खटकला. आवड वेगळी, तिटकारा वेगळा. जी ओढ शेजारी बसलेल्या माणसाला कमी लेखायला शिकवते, तिच्यात अहंकार किती हे आधी तपासायला हवं.

निर्णय आज घेऊ नकोस. सहा महिने असं करून पाहा. शक्य तितके दिवस आपल्याच धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) मराठी मिस्सेला जा, गिटारवाल्यासुद्धा. रोज वीस मिनिटं शुभवर्तमानावर मनन कर. रात्री दहा मिनिटं दिवस तपासून वहीत चार-पाच ओळी लिही : कशानं मन उभारलं, कशानं खचलं. महिन्यातून दोनदा पापनिवेदन. आठवड्यातून एकदा असं काम, जिथं कोणी पाहत नाही आणि उपासनेचं सौंदर्यही नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे तासभर बसणं, लहान मुलांना हिशेब शिकवणं, असं काहीही. महिन्यातून एकदा ती वही घेऊन आध्यात्मिक मार्गदर्शकाला भेट.

घसरण बहुतेक दोन ठिकाणी होते. एखाद्या रिट्रीटवरून (प्रार्थना-शिबिरावरून) उत्साहात परतलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी घरी जाहीर करून टाकतो. गावभर बोभाटा होतो आणि मग मागं फिरायची लाज वाटते. उलट कोणी कोरड्या आठवड्यात सगळं सोडून देतो. संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम इथं कामाचा आहे : मन शुष्क असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. त्याला आमची जोड : मन उचंबळलेलं असताना नवा निर्णय जाहीर करायचा नाही.

मार्गदर्शक आणि पाचारण संचालक या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. संचालक बिशपांच्या वतीनं तुला पारखतो. मार्गदर्शकाकडे मन मोकळं करायचं. सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणगृहात) गेल्यावरही कुणाला गुरुदीक्षा द्यावी किंवा कुणाला काढावं हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं वा पापनिवेदन ऐकणाऱ्याचं मत विचारता येत नाही, असं कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, २४० वं कलम सांगतं. तेव्हा त्यांच्यापासून काही लपवण्याचं कारण नाही.

आता संस्थेचं. पहिला प्रश्न ‘कुठली मिस्सा’ हा नाही, ‘कुणासाठी’ हा आहे. धर्मप्रांतीय धर्मगुरू एका धर्मप्रांताला आणि त्याच्या बिशपांना बांधलेला असतो. व्रतस्थ धर्मगुरू संघाला बांधलेला असतो आणि संघ पाठवेल तिथं जातो. शिवाय व्रतस्थ जीवन आणि गुरुदीक्षा एकच नव्हेत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन बंधू होते.

जुन्या मिस्सेचे, म्हणजे १९६२ च्या मिस्साग्रंथाचे, नियम ठाऊक असू देत. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला मोकळीक दिली. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली. त्या तारखेनंतर दीक्षित झालेल्या धर्मगुरूला ती अर्पण करायची तर बिशपांकडे लेखी विनंती करावी लागते. अशा नव्या धर्मगुरूला आणि धर्मग्रामाच्या चर्चच्या वापराला परवानगी देण्याचा अधिकार रोमकडे असल्याचं फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट करण्यात आलं. ‘आधी धर्मप्रांतात दीक्षा घेईन, मग आपल्या चर्चमध्ये जुनी मिस्सा सुरू करीन’ हा बेत मनात असेल तर तो आजच टाकून दे. बिशपांपासून दडवलेला हेतू पुढं आज्ञापालनाच्या आड येतो.

रोमशी पूर्ण ऐक्यात राहून जुनी मिस्सा अर्पण करणारे संघ आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या प्रिस्टली फ्रॅटर्निटी ऑफ सेंट पीटरच्या सेमिनरी जर्मनीत विग्रात्सबादला आणि अमेरिकेत नेब्रास्कातल्या डेन्टनला आहेत. इन्स्टिट्यूट ऑफ क्राइस्ट द किंगची सेमिनरी फ्लॉरेन्सजवळ ग्रिचिल्यानोला आहे, तिथं फ्रेंचशिवाय भागत नाही. सोसायटी ऑफ सेंट पायस द टेन्थ मात्र यांच्या ओळीत बसत नाही. आर्चबिशप लफेव्र यांनी १९८८ साली पोपच्या मान्यतेविना चार बिशपांना दीक्षा दिली, त्यातून रोमशी असलेला तिढा आणखी चिघळला. अशा संघात जायचं तर तिथं आधी काही आठवडे राहून ये, आणि वसईत परतण्याची हमी कोणी देणार नाही हे धरून चाल.

प्रश्न : सेमिनरीत लॅटिन शिकवतात का? तोवर घरी काय करता येईल?

उत्तर : उमेदवारांना लॅटिन चांगलं यावं असं कलम २४९ म्हणतं. प्रत्यक्षात किती शिकवतात, हे सेमिनरीगणिक बदलतं. घरी मोठं व्याकरण उघडण्याआधी ‘कीरिए’, ‘ग्लोरिया’, ‘सांक्तुस’, ‘आन्युस देई’ आणि ‘पातेर नोस्तेर’ या मिस्सेतल्या प्रार्थना पाठ करा. चर्चमधल्या लॅटिनमध्ये ‘ए’ किंवा ‘इ’पूर्वीचा ‘क’ हा ‘च’ होतो : ‘चेली’. ‘ग्न’चा उच्चार ‘न्य’, म्हणून ‘आग्नुस’ नव्हे, ‘आन्युस’. ‘ग्रातिया’ नव्हे, ‘ग्रात्सिया’. गायनासाठी पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली काढलेला ‘युबिलाते देओ’ हा छोटा संग्रह पुरे.

आणखी एक. आजची मिस्साही लॅटिनमध्ये अर्पण करता येते, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. फक्त लोकभाषेत ठरलेल्या मिस्सेची वेळ बळकावायची नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलं होतं. आपण ते पुसून टाकलं, हे परिषदेच्या नावावर खपवू नये.

प्रश्न : मुलगा पोटात असताना, तो सुखरूप जन्मला तर चर्चला देईन, असा नवस बोलले होते. आता १९ वर्षांचा झालाय आणि चलबिचल करतोय. नवस मोडला तर पाप लागेल का?

उत्तर : बाई, नवस तुम्ही बोललात, मुलगा नाही. दुसऱ्याचं आयुष्य आपल्या नवसात देता येत नाही. दडपणाखाली कुणालाही गुरुदीक्षा घ्यायला लावणं चर्चच्या कायद्यानंच निषिद्ध आहे, कलम १०२६. मनाला टोचणी असेल तर धर्मगुरूंना सांगा. तो नवस रद्द करून किंवा दुसऱ्या सत्कृत्यात बदलून मिळेल.

मुलाला एवढंच सांगा की सेमिनरीत जाणं म्हणजे दीक्षा नव्हे. पूर्वतयारीचं एक तरी वर्ष, मग किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी) असतं. डीकनपदाला (धर्मगुरूपदाआधीच्या पायरीला) २३ आणि धर्मगुरूपदाला २५ वर्षं पूर्ण लागतात. ब्रह्मचर्याचं वचन डीकन होताना. त्याआधी केव्हाही तो घरी येऊ शकतो. तो आला तर दार उघडताना तुमचा चेहरा पडू देऊ नका.

प्रश्न : अर्जासाठी कोणती कागदपत्रं?

उत्तर : स्नानसंस्कार आणि दृढीकरण यांचे दाखले, बहुतेक ठिकाणी आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, गुणपत्रिका, वैद्यकीय अहवाल. मानसशास्त्रीय चाचणीही असू शकते, ती तुमच्या लेखी संमतीनं होते. पूर्वी दुसऱ्या सेमिनरीतून बाहेर पडला असाल तर तिथल्या वरिष्ठांचं पत्र सक्तीचं, लपवू नका. स्नानसंस्काराचा दाखला नव्यानं काढा, घरातल्या फ्रेममधला जुना चालत नाही. आणि त्यावरचं नाव-आडनाव शाळेच्या दाखल्याशी आणि आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एकाच घरात आडनावाची तीन स्पेलिंगं निघतात, आणि ती दुरुस्त होईपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते.