फुटबॉलच्या सट्ट्यात ‘उणे सव्वा हँडिकॅप’ म्हणजे नक्की काय?

तगड्या संघाच्या गोलांतून आधीच ठरवून काही गोल वजा करायचे, म्हणजे हँडिकॅप. २०२२च्या वर्ल्ड कपमधला पोर्तुगाल-घाना सामना घ्या. ८८ मिनिटं झाली, पोर्तुगाल ३-१ने पुढे. समजा तुम्ही पोर्तुगालवर ‘उणे दीड’ लावलंय: ३ वजा १.५ म्हणजे १.५, घानाच्या १ पेक्षा जास्त. खुशीत आहात. ८९व्या मिनिटाला बुकारीने गोल ठोकला, ३-२! पोर्तुगाल जिंकलं, तुमचे पैसे मात्र बुडाले. ‘उणे १’ असतं तर हिशेब २-२, पैसे परत.

‘उणे सव्वा’ला अर्धी रक्कम उणे १वर, अर्धी उणे दीडवर बसते. म्हणून इथे अर्धे परत, अर्धे गेले. आणि हो, एक्स्ट्रा टाइममधले, म्हणजे बाद फेरीत बरोबरी झाल्यावर खेळवतात त्या जादा ३० मिनिटांतले, गोल सहसा धरत नाहीत.