गाळाच्या खोऱ्यात कार्बन डायऑक्साइड साठवता येईल की नाही, हे कसं ठरवतात?

तुम्ही विचारलंय की जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड साठवायला पुरेशी पोकळी आहे हे भूवैज्ञानिक कसं ओळखतात, आणि मुंबईजवळ हे जमेल का. मी तेलविहिरींच्या खडकांवर काम करतो आणि अलीकडे हेच तपासायला बसतो, म्हणून उत्तर देतोय.

खाली पोकळी नसतेच. वालुकाश्म असतो, आणि त्याच्या कणांमधल्या बारीक फटी खाऱ्या पाण्याने आधीच गच्च भरलेल्या असतात. संध्याकाळची विरार लोकल आठवा: नवा माणूस आत घुसला की आतल्यांना सरकावंच लागतं. त्यामुळे ‘किती मावेल’ याआधी मी ‘पाणी सरकून जाणार कुठे’ हे बघतो.

सुरुवातीची चाळण सोपी आहे. थर साधारण ८०० मीटरपेक्षा खोल हवा. ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ७४ बार दाब (हवेच्या दाबाच्या साधारण ७४ पट) ओलांडला की जमिनीवर घनमीटरला दोन किलोही न भरणारा हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि त्याच जागेत सहाशे-सातशे किलो मावतो. आणि वर झाकण हवं, शेलचं (चिकणमाती दबून झालेल्या खडकाचं) किंवा मिठाचं, सलग.

कोअरचा, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचा, तुकडा हातात आला की मी त्यावर पाण्याचा थेंब सोडतो. चांगल्या वालुकाश्मात तो कोऱ्या माठात मुरावा तसा दिसेनासा होतो, शेलवर नुसता बसून राहतो. मग शेलचा कण दाताखाली धरायचा. लोण्यासारखा लागला तर निव्वळ चिकणमाती, कचकच लागली तर त्यात बारीक रेती आहे आणि झाकण वाटलं तितकं घट्ट नाही. नवी मुलं हसतात, पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो आणि दात सोबतच असतात.

आता आकडा. एक घनमीटर खडकात २० टक्के फटी धरल्या तर २०० लिटर जागा. पण वायू हलका, तो वरवर चढतो आणि सोपी वाट धरतो, म्हणून अख्ख्या थराचा विचार करताना त्यातली दोन-चार टक्केच जागा धरतात. दोन टक्क्यांनी चार लिटर, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. खोऱ्याच्या नकाशावर दिसणारे अब्जावधी टनांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

पाण्याला वाट असली की काय होतं ते नॉर्वेच्या समुद्रातल्या स्लाइपनर वायूक्षेत्रात दिसतं. १९९६ पासून तिथे उट्सिरा वाळूत वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू सोडत आले. थर हजारो चौरस किलोमीटर पसरलेला, त्यामुळे दाब फारसा चढला नाही. गंमत म्हणजे वाळूच्या मध्ये जेमतेम मीटरभर जाडीचे चिखलाचे पापुद्रे होते. त्यांच्याखाली अडून वायू नऊ थरांत पसरला, आणि ते नंतरच्या सेस्मिक सर्वेक्षणात (जमिनीत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या चित्रात) स्वच्छ दिसलं.

त्याच देशातल्या स्नोव्हिट या दुसऱ्या वायूक्षेत्रात मात्र २००८ मध्ये सुरुवात केली आणि टुबोएन थरात दाब भराभर वाढला. वाळू होती, पण वायूला आणि पाण्याला दूरवर पसरता येत नव्हतं. २०११ मध्ये वरच्या स्टो थराकडे वळावं लागलं. अल्जीरियातल्या इन सालाहला थर जेमतेम २० मीटर जाड, त्यातून वाट काढायला अवघड. वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली गेल्याचं उपग्रहाने टिपलं, आणि २०११ मध्ये वायू सोडणं थांबलं. दोन्हीकडे जागा कागदावर होती.

जुन्या विहिरी हा वेगळाच ताप. झाकण कितीही उत्तम असो, त्याला आपणच भोकं पाडलेली असतात. एका क्षेत्रात आम्हाला चाळीसेक वर्षांपूर्वीच्या विहिरीत सिमेंट कुठवर भरलं होतं याची नोंदच मिळाली नाही. खडक पसंत असूनही तो कोपरा आम्ही सोडून दिला.

आता मुंबई. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, त्यामुळे माहिती भरपूर, पण भोकंही भरपूर. शिवाय मुख्य खडक चुनखडीचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल झालं की चुनखडी थोडीफार विरघळते, तेव्हा ते आधी तपासावं लागेल. जमिनीवर महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टखाली आहे. त्याच्याखाली कुठे जुना गाळ असला तरी बेसॉल्ट सेस्मिक लहरी इतक्या विस्कटतो की खालचं चित्र धूसरच येतं. आइसलँडमध्ये मात्र बेसॉल्टमध्येच वायू पाण्यासोबत सोडून त्याचा दोन वर्षांत बहुतांश दगड झाला. पण तो गाळाचा मामला नव्हे, त्याचं गणितच निराळं.