साताऱ्यातल्या आमच्या मुलींच्या कॉन्व्हेंट हायस्कूलचं मैदान लहान आहे, ट्रॅक नाही. 4×100 मीटर रिलेचा संघ कसा तयार करावा?

ट्रॅक नसला तरी रिले बसवता येते. मैदानाच्या कर्णरेषेत 110-120 मीटरची पट्टी मिळाली, तर फक्की मारून त्यावरच शेवटचे 30 मीटर 'बदलाचे क्षेत्र' म्हणून आखा, म्हणजे बॅटन (हातातून हातात द्यायची नळी) एकीकडून दुसरीकडे जायची जागा. आपल्या जिल्ह्यात मुली म्हटलं की लांब पल्ल्याचाच विचार होतो. माणची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावली, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण एकही अव्वल धावपटू नसलेल्या शाळेला रिलेत खरी संधी असते, असं मी ठामपणे म्हणेन.

चारही हाउसमधल्या मुलींची 50 मीटर धाव घ्या आणि आठ जणी निवडा. सुरुवात चांगली असलेली आणि वळणावर न भरकटणारी पहिली. दुसरी आणि तिसरी बॅटन घेतातही आणि देतातही, म्हणून सगळ्यात भरवशाचे हात तिथे हवेत. मागे पडली तरी न बिचकणारी चौथी. हात उजवा-डावा-उजवा-डावा असेच ठेवा, म्हणजे धावताना बॅटन या हातातून त्या हातात घ्यावं लागत नाही.

सरावाचं बॅटन शेतीच्या 40 मिमी पीव्हीसी पाइपचं करा. 29 सेंमीचा तुकडा कापून कडा पॉलिश पेपरने घासल्या की झालं. नियमात लांबी 28 ते 30 सेंमी आणि वजन किमान 50 ग्रॅम आहे.

आता खरं काम, खुणेचं. घेणारी मुलगी क्षेत्राच्या सुरुवातीला उभी राहते आणि तिथून मागे टाचेला अंगठा लावत 18 पावलं मोजून खूण करते. बॅटन घेऊन येणारी त्या खुणेवर पोचली की घेणारीने पूर्ण वेगाने सुटायचं, मागे वळून बघायचं नाही. येणारी हाताच्या अंतरात आली की "घे!" म्हणते, तेव्हाच हात मागे जातो. येणारी अंगावर आदळत असेल तर खूण दोन पावलं लांब न्या. गाठतच नसेल तर दोन पावलं जवळ आणा. बदल क्षेत्राच्या 18 ते 25 मीटरमध्ये व्हावा.

इथे हमखास फसगत होते ती अशी: येणारीला 30-40 मीटरच पळवून खूण ठरवली जाते. शर्यतीत तीच मुलगी 100 मीटर धावून दमलेली येते, वेग कमी असतो आणि घेणारी निसटते. म्हणून तिला किमान 80 मीटर पळवा, आणि एका दिवसात चार-पाच बदलांवर थांबा.

शाळकरी मुलींना मी खालून वर देण्याची पद्धत सुचवेन. तळहात कमरेजवळ, अंगठा आणि बोटांमध्ये इंग्रजी व्हीसारखी जागा. तिची अडचण एवढीच की प्रत्येक बदलात बॅटनचा पुढे धरायला उरलेला भाग कमी होत जातो, म्हणून देणारीचा हात घेणारीच्या हाताला टेकेपर्यंत आत द्यायला शिकवा.

क्षेत्राबाहेर बदल झाला की संघ बाद होतो. तिथे पाय कुठे आहेत हे बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. पडलं तर जिच्या हातून पडलं तिनेच उचलायचं. बॅटन देऊन झाल्यावर लगेच दुसऱ्याच्या लेनमध्ये शिरू नका. हातमोजे किंवा हाताला चिकट काही लावणं चालत नाही. स्पर्धा पावसाळ्यात आल्या तर बॅटन आणि हात पुसायला कोरडा नॅपकिन प्रत्येकीजवळ असू द्या.

राखीव मुलींनाही प्रत्येक जोडीत पळवा आणि पावलांचे आकडे वहीत लिहून ठेवा. खूण जोडीची असते. ऐनवेळी एखादी आजारी पडली आणि जुन्याच खुणेवर नवी मुलगी उभी केली, तर बदल चुकणारच.