सोलापुरात ४०० चौरस फुटांचं घर मोकळं आणि सोयीचं कसं करता येईल?

आधी जमीन मोकळी करा. सोफ्याऐवजी पेटीचा दिवाण घ्या, गाद्या आणि जाड चादरी त्यात जातात. कपाट थेट छतापर्यंत न्या. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पिंपांची जागा नकाशातच ठरवा; हे बहुतेक जण विसरतात आणि मग मोरीत पाय ठेवायला जागा उरत नाही! समोरासमोरच्या खिडक्यांच्या वाटेत उंच काही ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा वाळ्याचा पडदा हवाच, कारण आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो. वरचा मजला असेल तर गच्चीला पांढरा चुना मारा. भिंतींचा रंग फिकट, एवढं पुरे.