ईआर निगेटिव्ह लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

पत्र मिळालं. ईआर-पीआर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना पकडणारे रिसेप्टर आहेत का ते बघणं, हा रिपोर्टमधला सगळ्यांत सोपा भाग, असं तू लिहिलं आहेस. पॉझिटिव्हच्या बाबतीत ते खरं आहे. निगेटिव्हवर सही करताना मात्र मी आजही थांबते.

पेशींमध्ये रिसेप्टर मुळातच नाहीत, की होते आणि आपल्यापर्यंत येईतो नष्ट झाले? स्लाइडवर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आधी नमुन्याची हकिकत विचार. गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवी आणि तिथे किमान 6, जास्तीत जास्त 72 तास राहायला हवी. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. शनिवारी संध्याकाळी काढलेला अख्खा स्तन, न कापता, लहानशा बरणीत कोंबलेला येतो. सोमवारी सुरी घातली की कडा घट्ट, पांढुरक्या आणि मधली गाठ मऊ, लालसर, कच्चीच. त्या गाठीवर आयएचसी (रिसेप्टर असतील तिथे तपकिरी रंग आणणारी चाचणी) करून काय कळणार? ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरना भेट. गाठ किती वाजता काढली, फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकली, एवढं फॉर्मवर लिहायला सांग. नमुना ताजाच आला तर लगेच काप घे.

मग साधी एच अँड ई स्लाइड (पेशींची ठेवण दाखवणाऱ्या नेहमीच्या रंगाची) बघ. नलिका, केंद्रकं, मायटोसिस (पेशींचं विभाजन), प्रत्येकी 1 ते 3 गुण. बेरीज 3 ते 5 आली तर ग्रेड एक (सगळ्यांत सौम्य), 8-9 आली तर ग्रेड तीन (सगळ्यांत आक्रमक). हे तू पाठ केलंच असशील, पण त्याचा उपयोग इथे आहे. ग्रेड एकचा ट्यूब्युलर कॅन्सर किंवा मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक पेशी असलेला नेहमीचा लोब्युलर, हे जवळजवळ नेहमीच ईआर पॉझिटिव्ह असतात. तू कळवलेली केस ग्रेड एकची आहे आणि ईआर शून्य. माझा संशय आधी स्टेनवर, म्हणजे स्लाइडला दिलेल्या रंगावर, जाईल. ग्रेड तीन, मध्ये नेक्रोसिस (मेलेल्या पेशी), भोवती लिम्फोसाइटचा (पांढऱ्या रक्तपेशींचा) गराडा असता, तर निगेटिव्ह मी सहज मानलं असतं.

त्याच स्लाइडवर गाठीशेजारच्या निरोगी नलिका शोध. त्यांच्या काही पेशींची केंद्रकं तपकिरी व्हायलाच हवीत. तीही कोरी असतील तर ‘निगेटिव्ह’ लिहायचा आपल्याला अधिकार नाही. दुसरा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घे, किंवा ऑपरेशनआधीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागव. बारीक तुकड्यात फॉर्मॅलिन चांगलं मुरलेलं असतं.

मोजताना फक्त केंद्रकं धर, सायटोप्लाझमचा रंग सोडून दे. 1 टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह; 1 ते 10 टक्के असतील तर 2020 पासून ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नोंदवतात.

इतकं बजावते, कारण ईआर पॉझिटिव्ह बाईने इस्ट्रोजेनला रोखणारी टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी पाच वर्षं घेतली, तर या कॅन्सरने मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने घटतो. चुकून निगेटिव्ह लिहिलं तर ती गोळी तिला कुणी देणारच नाही आणि तपासणी पुन्हा करा, असं म्हणायला तिला सुचणारही नाही.

तेव्हा या केसचा रिपोर्ट रोखून ठेव. सर्जनचा फोन आला तर स्टेन पुन्हा लावतोय, दोन दिवस द्या, असं सरळ सांग. बायोप्सीचा ब्लॉक मिळाला की दोन्ही स्लाइड्स मला पाठव.

तुझी,
मॅडम