ओकच्या फळ्यांतील ओल आणि ४,००० डॉलरची सवलत

न्यू जर्सीतील एडिसन येथून एका वाचकांनी विचारले आहे : पसंत पडलेल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसवलेल्या ओकच्या लाकडी फळ्या किंचित वाकल्या आहेत, दोन-तीन काळे डागही आहेत. विक्रेता क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळी ४,००० डॉलर सवलत देतो आहे. ती घेऊन, राहायला जाण्यापूर्वी फळ्या घासून पॉलिश करून घ्याव्यात का? डाउन पेमेंटनंतर हाताशी ११,००० डॉलर उरतील आणि घरात दोन लहान मुले आहेत.

पाणी कोठून आले आणि ते थांबले आहे की नाही, हे कळेपर्यंत आपण कोणताही आकडा मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिशवर नुसता पांढुरका धूसरपणा असता, तर पाणी बहुधा वरच्या थरातच अडले असते आणि मी इतका आग्रह धरला नसता. काळ्या डागाचे तसे नाही. ओकमधील टॅनिन हे नैसर्गिक द्रव्य, पाणी आणि खिळ्याचे लोखंड एकत्र आले की लाकूड काळे पडते. म्हणजे ओल फळीत मुरलेली असते. फळ्यांवर एक स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहा. प्रत्येक फळीच्या कडा पट्टीला टेकून मधोमध फट दिसत असेल, तर फळी खालून ओलावा शोषत आहे. उन्हाळ्यातील दमट हवेने असा बाक घरभर येऊ शकतो, पण तो एकाच दाराशी असल्यास डिशवॉशरची किंवा फ्रीजची नळी तपासायला हवी. बेसमेंट असेल तर खाली उतरून त्याच जागेखालचा प्लायवुड टॉर्चने पाहा. पाण्याची वर्तुळे आणि गंजलेली खिळ्यांची टोके तेथे दिसतात.

ओल्या फळ्यांच्या उंच कडा आज तासल्या, तर सुकल्यावर फळीचा मधला भाग उंच राहतो आणि त्याच कामाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

सवलतीचे गणितही दिसते तितके सरळ नाही. कर्ज देणारी बँक ही रक्कम सहसा क्लोजिंगच्या खर्चापुरतीच वापरू देते. त्याऐवजी घराची किंमत ४,००० डॉलरने कमी केली आणि आपले डाउन पेमेंट २० टक्के असेल, तर आज हातात फक्त ८०० डॉलर वाचतात. बाकीचा लाभ कर्जाच्या हप्त्यांत विखुरतो. गृहविम्यावरही विसंबू नये, कारण खरेदीपूर्वीची हानी आणि दीर्घकाळ झिरपलेले पाणी त्यात सहसा बसत नाही. म्हणजे अंदाज चुकला, तर भार त्या ११,००० डॉलरवरच पडेल, आणि मुलांच्या घरातील ती गंगाजळी मला मोडू द्यायची नाही.

म्हणून गळती विक्रेत्याने परवानाधारक प्लंबरकडून दुरुस्त करून पावती द्यावी, आणि सवलतीचा आकडा त्यानंतर फळ्यांच्या कामाच्या लेखी अंदाजपत्रकावरून ठरावा. फळ्या ३ इंचांपेक्षा अरुंद असतील आणि मॉइश्चर मीटरवर त्यांच्या व खालच्या प्लायवुडच्या ओलाव्यात ४ टक्क्यांहून अधिक फरक दिसला, तर घासण्याचे काम थांबवावे. तपासणीची करारातील मुदत संपण्यापूर्वी आपल्या वकिलामार्फत ही मागणी लेखी पाठवा, आणि लागल्यास मुदतवाढही त्याच पत्रात मागा.